शिकवणाऱ्यांनी एकत्र बसावे



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांच्या घरच्यांनी मला एकच गोष्ट बजावली : त्यांचे गुणगान नको, त्यांच्या कामाविषयी बोला. सर शिकवण्याचे काम करत, आणि त्यांचे विद्यार्थी म्हणजे पोट भरायला सुरतेत आलेली कर्ती माणसे. म्हणून आज मी अशाच शिकवणाऱ्यांविषयी बोलणार आहे. लूमखात्यात, प्रोसेस हाऊसमध्ये, एम्ब्रॉयडरीच्या शेडमध्ये, शिवणवर्गात नव्या माणसाला कामाला लावणारा कुणीतरी असतो. मोठ्या कंपनीत तो ट्रेनिंग ऑफिसर असतो, आयटीआयमध्ये निदेशक, खात्यात जॉबर किंवा मास्तर. आणि पुष्कळ ठिकाणी तर त्याला काही हुद्दाच नसतो, फक्त “जा, त्याच्याजवळ उभा राहा” एवढे नव्या मुलाला सांगितले जाते. हा माणूस दुसऱ्यांना शिकवतो. त्याने स्वतः शिकवायला कुणाकडून शिकावे, हा माझा आजचा प्रश्न आहे. उत्तरही आधीच सांगून टाकतो : त्याच्यासारख्याच दुसऱ्या शिकवणाऱ्याकडून. मात्र हे आपोआप होत नाही. त्यासाठी बैठक बसवावी लागते आणि ती चालवावी लागते.

हा विचार सुरतेला नवा नाही. या शहरात एका मराठी माणसाने आणि त्याच्या गुजराती सोबत्यांनी तो पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमलात आणला होता. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर आपल्याला माहीत आहेत. त्यांचे व्याकरण १८३६ साली छापले गेले. त्यानंतर काही वर्षे ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते, ही गोष्ट मात्र आपल्या लेकरांना कुणी सांगत नाही. इथे त्यांची गाठ दुर्गाराम मंछाराम मेहता यांच्याशी पडली. दुर्गारामही शाळेत शिकवत. त्या काळी गुजरातीत शिक्षकाला मेहताजी म्हणत, म्हणून ते दुर्गाराम मेहताजी. दादोबा, दुर्गाराम, दिनमणिशंकर शास्त्री, दलपतराम मास्तर आणि त्यांचे सोबती यांनी २२ जून १८४४ रोजी सुरतेत मानवधर्म सभा स्थापन केली. धर्मसुधारणेची संस्था म्हणून इतिहासात तिची नोंद आहे आणि ती योग्यच आहे. जातिभेद, विधवांचे हाल, भूतपिशाच्च, मंत्रतंत्र अशा विषयांवर सभेत खुली चर्चा होई. मंत्राने चमत्कार करून दाखवतो म्हणणाऱ्यांना सभेने जाहीर आव्हान दिले होते.

मला त्या सभेत आणखी एक गोष्ट दिसते. तिच्यात पुढे होते ते शाळामास्तर. दिवसभर वर्गात शिकवणारी माणसे ठरल्या वेळी एकत्र येत, एकाने मांडायचे आणि इतरांनी त्याला प्रश्न विचारायचे. एक मराठी भाषक, बाकीचे गुजराती. एक इंग्रजी शाळेचा, एक गुजराती शाळेचा, एक शास्त्री. कुणी कुणाचा साहेब नव्हता. त्या सभेची हकिकत आज आपल्याला कळते, कारण दुर्गाराम लिहून ठेवत असत आणि पुढे महीपतराम रूपराम यांनी त्यांचे चरित्र लिहिताना ते टिपण वापरले. वहीचे हे महत्त्व लक्षात ठेवा. पुढे त्यावर मी पुन्हा बोलणार आहे. आणि सभेचे पुढे काय झाले तेही पाहा. १८४६ मध्ये दादोबा मुंबईला शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाचे काम पाहायला गेले. १८५२ मध्ये दुर्गारामांना राजकोटला जावे लागले. दोघे गेले आणि सभा थांबली. आठ वर्षांचे आयुष्य. ज्या मंडळाचा भार एकदोन माणसांवर असतो, त्याचे असेच होते. दादोबांनी मात्र तो अनुभव वाया जाऊ दिला नाही. मुंबईत पुढे सुधारकांची जी परमहंस सभा निघाली, तिच्यामागे सुरतेची ही तालीम होती.

आता सुरतेतल्या आपल्या नवागामकडे येऊ. आपले आजे-पणजे, वडील इथे कसे आले हे मी तुम्हाला काय सांगू? विसाव्या शतकाच्या तोंडावर ताप्ती व्हॅली रेल्वे झाली आणि अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार हे सगळे सुरतेला जोडले गेले. वाटेतले नवापूर स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे. आपल्या खान्देशी माणसाच्या आयुष्याचेही तसेच आहे. शेती पावसावर, अमळनेर-धुळ्याच्या गिरण्या मंदावलेल्या, मग गावातला एकजण सुरतेला आला, त्याने भावाला आणले, भावाने मेहुण्याला. घरात अहिराणी, बाहेर गुजराती आणि हिंदी, मुलांना महापालिकेची मराठी शाळा. सुरत महापालिका आजही मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालवते. देशात अशी शहरे फार नाहीत.

त्या पिढीने काम शिकले ते नातेवाइकाच्या बाजूला उभे राहून. आधी झाडलोट, मग कांड्या भरणे, मग तुटलेल्या तारेला गाठ मारणे, मग कुणी जेवायला गेले की त्याच्या दोन लूमवर लक्ष ठेवणे, आणि एक दिवस स्वतःचे लूम. या रीतीला कमी लेखू नका. जीन लेव्ह या अमेरिकन अभ्यासक बाईंनी आफ्रिकेतल्या लायबेरियात शिंप्यांच्या दुकानात शिकाऊ मुले कशी तयार होतात ते पाहिले. तिथे मुलाला आधी इस्त्री, बटणे, काजे अशी शेवटची कामे देत, मग शिवण, आणि कापड बेतून कापणे सगळ्यात शेवटी. तयार कपडा हातात घेऊन मूल कामाच्या क्रमात मागे मागे जात असे. कापताना चूक झाली तर कापड वाया जाते. बटण चुकले तर उसवून पुन्हा लावता येते. हा क्रम कुणी पुस्तकात लिहिलेला नव्हता, तरी त्यात शहाणपण होते. लेव्ह आणि एतिएन व्हेंगर यांनी १९९१ मध्ये यावर पुस्तक लिहिले आणि काम करणाऱ्यांच्या मंडळात हळूहळू आत शिरणे म्हणजेच शिकणे, ही मांडणी जगभर पोचवली. आपले खात्यातले शिकणे त्याच जातीचे होते.

मग अडचण कुठे आली? यंत्रे बदलली. १९९९ मध्ये केंद्र सरकारची वस्त्रोद्योग तंत्रज्ञान सुधारणेची कर्जयोजना आली आणि त्यानंतर सुरतेत साध्या लूमच्या जागी वॉटरजेट, रॅपियर, पुढे एअरजेट आणि कॉम्प्युटरवर चालणाऱ्या एम्ब्रॉयडरी मशीन येत गेल्या. साध्या लूमचा दोष कानाला ऐकू येतो, हाताला लागतो. जुना जॉबर आवाजावरून सांगे की धोटा कुठे अडतोय. नव्या मशीनवर दिवा लागतो, पडद्यावर आकडा येतो, आणि मशीन थांबते. त्या आकड्यामागे काय घडले हे शिकवायचे कसे? जॉबरला दुरुस्ती येत होती, शिकवणे येत नव्हते, कारण आजवर वेगळे शिकवावे लागलेच नव्हते. शेजारी उभे राहून जे आपोआप उतरत होते, ते आता उतरेना. त्यात शिकायला येणारा मुलगाही बदलला. तो आता आपल्या गावचा राहिला नाही. बहुतेक लूमखात्यांत तो ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातला, नाहीतर उत्तर प्रदेश-बिहारचा. मामाने भाच्याला शिकवताना जे न बोलता समजे, ते इथे समजत नाही.

एका बैठकीतली गोष्ट सांगतो. वेगवेगळ्या खात्यांतले शिकवणारे एका सुट्टीच्या दिवशी नवागाममध्येच जमले होते. एकाने गाऱ्हाणे मांडले. रॅपियर लूमवर बाण्याचा धागा डावीकडून एक ग्रिपर घेऊन निघतो, मध्यावर तो उजवीकडून आलेल्या दुसऱ्या ग्रिपरला देतो, आणि दुसरा त्याला पलीकडच्या काठापर्यंत ओढून नेतो. धागा पोचला नाही की मशीन थांबते. नवा मुलगा काय करतो? तुटका धागा ओढून फेकतो आणि बटण दाबतो. मशीन पुन्हा थांबते, तो पुन्हा बटण दाबतो. प्रत्येक थांब्याला कापडावर आडवी रेघ पडायची शक्यता असते. तपासणीत तो ताका कमी भावात जातो. “दहादा सांगतो, आधी कारण बघ. ऐकतच नाही,” असे तो म्हणत होता.

दुसऱ्या खात्यातला एक वयस्क जॉबर, तोवर गप्प बसलेला, त्याने विचारले, “कारण बघ म्हणजे नेमके कुठे बघ, हे त्याला दाखवले का?” मग त्याने स्वतःची रीत सांगितली. त्याच्या हाताखालचा मुलगा तुटका धागा फेकत नाही. मशीनजवळ तीन डबे ठेवलेले असतात. धागा डावीकडेच सुटला असेल तर पहिल्या डब्यात, मध्यावर पडला असेल तर दुसऱ्यात, उजव्या काठाजवळ आखूड पडला असेल तर तिसऱ्यात. पाळी संपली की दोघे मिळून डबे उघडतात. पहिला भरला असेल तर कोनावरून येणाऱ्या धाग्याचा ताण, कटर आणि डावा ग्रिपर पाहायचा. दुसरा भरला असेल तर मध्यावरची देवाणघेवाण बिघडलेली. तिसरा भरला तर उजवा ग्रिपर धागा लवकर सोडतोय. मुलाला ना मराठी येते ना हिंदी नीट; पण डबे बोलतात. काही आठवड्यांत तो डबे न उघडताच सांगू लागतो की दोष कुठे आहे.

पहिल्या शिकवणाऱ्याने हे ऐकले आणि तो म्हणाला, “माझ्याकडे वॉटरजेटही आहेत, तिथे हे कसे करू?” आणि मग खोलीतली सगळी माणसे त्या प्रश्नावर बोलू लागली. वॉटरजेटवर ग्रिपर नसतात, पाण्याची धार धागा नेते. तेव्हा तिथे डबे वेगळे लागतील. नोझल, पंप, धाग्याचे माप, पलीकडे धागा पकडणारी बाजू. एकाने फळ्यावर आकृती काढली. दुसऱ्याने ती खोडून बरोबर केली. एम्ब्रॉयडरी मशीनवर शिकवणाऱ्या एक ताई म्हणाल्या की वरचा धागा तुटला की खालचा संपला, हे मुलींना वेगळे ओळखता येत नाही, मी पण डबे ठेवून पाहते.

मी हे एवढे सविस्तर सांगितले, कारण यात माझे सगळे म्हणणे आले आहे. तीन डब्यांची युक्ती कुठल्या पुस्तकात नव्हती, मशीन विकणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात तर नव्हतीच. ती एका माणसाच्या डोक्यात होती, आणि बैठक झाली नसती तर त्याच्याबरोबर निवृत्त झाली असती. कंपनीचा इंजिनिअर येतो तेव्हा मशीन कसे चालवायचे ते सांगतो. कसे शिकवायचे, हे फक्त शिकवणाराच शिकवणाऱ्याला सांगू शकतो. त्यातही आधी कुणाला तरी अडचण मांडावी लागली. नुसते “तुमचे अनुभव सांगा” म्हटले असते तर तो वयस्क जॉबर तोंड उघडता ना.

जूलियन ऑर नावाच्या मानवशास्त्रज्ञाने अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती कारागिरांबरोबर राहून अभ्यास केला. त्याचे पुस्तक १९९६ मध्ये आले. कंपनीने दिलेले जाडजूड दुरुस्तीचे पुस्तक कारागीर बाजूला ठेवत आणि सकाळच्या न्याहारीला, दुपारच्या जेवणाला एकत्र बसून एकमेकांना बिघाडाच्या गोष्टी सांगत. त्या गोष्टींतूनच त्यांचे ज्ञान फिरत होते. वरून पाहणाऱ्या साहेबाला वाटे की ही माणसे कामाचा वेळ घालवतात. पुढे कंपनीनेच त्या युक्त्या गोळा करून सगळ्या कारागिरांपर्यंत पोचवायची व्यवस्था केली. युक्ती देणाऱ्याचे नाव तिच्यासोबत असे, आणि दुसऱ्या कारागिरांनी तपासल्यावरच ती पुढे जाई. आपल्याकडे सुरतेत उधना-पांडेसऱ्याच्या चहाच्या टपरीवर पाळी सुटताना काय चालते ते जाऊन ऐका. तेच चालते. फक्त ते कुणी लिहून घेत नाही आणि तपासूनही घेत नाही.

आता मालकांविषयी. आज सभागृहात काही मालकही आहेत, त्यांचे मी मनापासून स्वागत करतो. त्यांची शंका मी अनेकदा ऐकली आहे : आमची माणसे दुसऱ्याच्या माणसांबरोबर बसली तर आमची गुपिते बाहेर जातील आणि आमचे कारागीर फोडले जातील. ही शंका खरी आहे, तिला झटकून टाकू नये. डिझाइन, भाव, गिऱ्हाईक, कुणाचा माल कुठे जातो, या गोष्टी बैठकीत येऊ नयेत. कुणाला कुठे जास्त पगार मिळतो, कुठे जागा आहे, हेही त्या खोलीत बोलू नये. त्याला दुसऱ्या जागा आहेत. पण नव्या मुलाला गाठ मारायला कसे शिकवतो, हे गुपित नाही. ते लपवून कुणाचाच फायदा होत नाही. उद्या तुमच्या खात्यात येणारा मुलगा आज शेजारच्या खात्यातच चुकीचे शिकत असतो.

आणि गुजरातला स्पर्धकांनी एकत्र येण्याची सवय आहे. १९४७ मध्ये अहमदाबादच्या गिरणीमालकांनी, बाजारात एकमेकांशी स्पर्धा करत असताना, एकत्र येऊन ‘अटिरा’ ही संशोधन संस्था उभी केली. विक्रम साराभाई तिचे पहिले संचालक. आपल्या सुरतेत कृत्रिम धाग्यांसाठी ‘मंत्रा’ ही संस्था त्याच धर्तीची आहे. धाग्याची परीक्षा सामाईक असू शकते, तर शिकवण्याची परीक्षा सामाईक का नसावी?

अहमदाबादचीच आणखी एक हकिकत प्रत्येक शिकवणाऱ्याला माहीत असायला हवी. कॅलिको मिलमध्ये ऑटोमॅटिक लूम आणले गेले, तरी उत्पादन वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे अभ्यासक ए. के. राइस १९५३ मध्ये तिथे आले. त्या खात्यात २२४ लूम होते आणि कामाचे बारा प्रकार करून ते वेगवेगळ्या माणसांना वाटून दिलेले होते. कुणी फक्त विणणारा, कुणी फक्त बॅटरी भरणारा, कुणी फक्त गाठी मारणारा, कुणी तेल घालणारा. कुणाकडे किती लूम, याचे गणित प्रत्येकाचे वेगळे. त्यामुळे कुणीच कुणाचा सोबती नव्हता. एक लूम बंद पडला तर तो सुरू करायला किती जणांची गाठ घ्यावी लागे! राइस यांनी कल्पना मांडली की काही लूमांचा एक गट करावा आणि एका टोळीने तो मिळून सांभाळावा. कल्पना निघाली मात्र, कामगारांनी ती उचलून धरली आणि टोळ्या कशा पाडायच्या हे स्वतःच ठरवून आणले. सुरुवातीला घसरण झाली, टोळ्या गोंधळल्या, मग सावरल्या. उत्पादन वाढले आणि खराब कापड कमी झाले. टोळीत एकमेकांचे काम एकमेकांना येऊ लागले, हे त्यात मला सगळ्यात मोलाचे वाटते. १९७० मध्ये त्याच संस्थेच्या एरिक मिलर यांनी तिथे पुन्हा जाऊन पाहिले, तेव्हा एका खात्यात ती रीत बऱ्यापैकी टिकलेली होती, इतरत्र ती विरत गेली होती. बाजाराचे दडपण बदलले, देखरेख करणारे बदलले आणि टोळीचे स्वातंत्र्य आक्रसत गेले. चांगली रीत एकदा लावून दिली की ती कायमची टिकते, या भ्रमात राहू नका.

प्रशिक्षकांच्या मोठ्या संस्थांबद्दलही मी थोडक्यात बोलतो. अमेरिकेत १९४३ मध्ये प्रशिक्षणाचे काम पाहणाऱ्या काही लोकांनी आपली संघटना काढली. आज तिचे सदस्य जगभर आहेत. भारतात दिल्लीला इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट १९७० मध्ये सुरू झाली. अहमदाबादच्या आयआयएममधले उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी १९७५च्या सुमारास लार्सन अँड टुब्रोसाठी मनुष्यबळ विकासाची व्यवस्था आखली, आणि पुढे १९८५ मध्ये त्या क्षेत्रातल्या लोकांचे राष्ट्रीय जाळे उभे राहिले. हे सगळे काम आदराचे आहे. पण त्यांच्या परिषदेला जाणारा माणूस बहुधा ओळखपत्र आणि लॅपटॉपवाला असतो. सुरतेजवळच्या हजिऱ्याच्या मोठ्या कारखान्यातल्या ट्रेनिंग ऑफिसरला तिथे जागा आहे. नवागामच्या गल्लीतून सायकलवर पांडेसऱ्याला जाणाऱ्या जॉबरला नाही. त्याच्यासाठी बैठक त्याच्या गल्लीत, त्याच्या भाषेत, त्याच्या सुट्टीच्या दिवशी व्हायला हवी. आणि हजिऱ्याच्या ऑफिसरनेही तिथे येऊन बसावे. दोघांनाही एकमेकांकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

आणि आपल्या बायकांचे काय? साडीवर टिकल्या आणि स्टोन लावणे, लेस लावणे, धागे कापणे, हे काम या भागात घरोघरी चालते. दलाल माल टाकून जातो. शेजारणीला काम शिकवणारी बाई ही प्रशिक्षकच आहे. तिला त्याचा एक पैसासुद्धा मिळत नाही, उलट शेजारणीने बिघडवलेली साडी तिच्याच खात्यावर मांडली जाते. तिने काय काय शोधून काढले आहे ते पाहा : गोंद किती पातळ असावा, दिवा कुठल्या बाजूला असावा म्हणजे डोळे दुखत नाहीत, पाठ धरू नये म्हणून साडी पाटावर कशी पसरावी. अहिराणीत ती सूनबाईला जे सांगते, ते कारखान्याच्या कुठल्याही सुरक्षा-प्रशिक्षणाच्या तोडीचे आहे. बैठकीत ती नसेल तर बैठक अर्धी आहे. आणि तिला यायला जमेल अशी वेळ ठेवणे, ही संयोजकांची जबाबदारी आहे. रात्री नऊची बैठक लावायची आणि मग “बायका येत नाहीत” म्हणायचे, हे चालणार नाही.

एकमेकांकडून शिकणे महाराष्ट्रातल्या शाळाशिक्षकांनी करून दाखवले आहे. सातारा जिल्ह्यातले कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, आठवून पाहा. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांनी मुले कशी शिकतात याचा अभ्यास करून वर्ग बदलले, फरशीवर, भिंतीवर, हातात येईल अशा साहित्यावर शिकणे आणले. आणि मग राज्यभरातून शिक्षक तिथे जाऊन बसू लागले. कुणी भाषण ऐकायला गेले नाही. दुसऱ्या शिक्षकाचा चालू वर्ग पाहायला गेले. परत येऊन आपल्या वर्गात करून पाहिले, जमले नाही ते फोन करून विचारले. चालता वर्ग पाहण्याने जे होते, ते दहा परिपत्रकांनी होत नाही. आपल्या बैठकीतही कधीतरी एखाद्या मालकाने परवानगी द्यावी आणि सगळ्यांनी एका खात्यात जाऊन एक शिकवणारा अर्धा तास शिकवताना पाहावा. पाहून झाल्यावर आधी त्याने स्वतः बोलावे, मग इतरांनी.

अशी मंडळे मी मरताना पाहिली आहेत, म्हणून काही गोष्टी स्पष्ट बोलतो. पहिले काही महिने उत्साह असतो. मग कुणीतरी म्हणते, मोठा पाहुणा बोलवू. पाहुणा येतो, हार-शाल होते, फोटो निघतात, आणि त्या दिवसापासून माणसे ऐकायला येऊ लागतात, सांगायचे थांबवतात. पुढच्या वेळी पाहुणा नसला की येत नाहीत. दुसरे मरण पदांचे : अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव नेमले की पदासाठी भांडण आणि भांडणातून दोन मंडळे. तिसरे मरण मोबाइलचे. गटात सकाळी शुभेच्छा, दुपारी कुणाच्या मुलाचा वाढदिवस, आणि रात्री एखाद्याने खरा प्रश्न विचारला तर तो त्या गर्दीत वाहून जातो. चौथे, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट : चुकलेले कुणी सांगत नाही. प्रत्येकजण आपला यशस्वी शिकाऊ दाखवतो. ज्याला सहा महिने शिकवूनही जमले नाही आणि जो काम सोडून गावी निघून गेला, त्याच्याविषयी बोलले पाहिजे. त्याला आपण कुठे गमावले, हे दुसऱ्या शिकवणाऱ्याने विचारले तरच आपल्याला कळते. ज्याला काम शिकवले त्याचा हात मशीनमध्ये सापडला, तर त्या दिवशी आपले काय सांगायचे राहिले, हे तर बोललेच पाहिजे. त्यासाठी खोलीत साहेब नको आणि बाहेर चहाडी नको.

मी जे मागतो आहे ते मोठे नाही. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, दीड तास. दहा-पंधरा माणसे, वेगवेगळ्या कामांतली. प्रत्येक वेळी एकाने एक अडचण आणायची, शक्यतो वस्तू हातात घेऊन : तुटका धागा, बिघडलेला ताका, चुकीची भरलेली नोंद. बाकीच्यांनी आधी फक्त प्रश्न विचारायचे, उपाय नंतर. ज्याने अडचण आणली त्याने पुढच्या महिन्यात येऊन सांगायचे की करून पाहिले का आणि काय झाले. हा शेवटचा भाग सुटला की बैठकीच्या गप्पा होतात. बैठक चालवणारा दर तीन महिन्यांनी बदलायचा, म्हणजे दुर्गाराम राजकोटला गेले तरी सभा चालू राहील. आणि वही. एक वही, मराठीत किंवा हिंदीत, ज्याला जे येते त्यात. अडचण काय, कोणी काय सुचवले, काय उपयोगी पडले, काय नाही. लिहिणाऱ्याचे नाव त्यात असावे. ज्या शिकाऊ मुलाची गोष्ट आहे त्याचे नसावे.

मालकांना माझी विनंती आहे की तुमच्या खात्यात शिकवणाऱ्याला महिन्यातला तो दीड तास भरपगारी द्या. तो पुढच्या महिन्यात काय घेऊन आला, ते त्याला विचारा. आयटीआयच्या प्राचार्यांना विनंती आहे की एखादी वर्कशॉप सुट्टीच्या दिवशी उघडून द्या. महापालिकेच्या मराठी शाळांच्या मुख्याध्यापकांनाही तेच म्हणतो. संध्याकाळी रिकामी राहणारी एक वर्गखोली पुरेशी आहे. आणि सरांच्या विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कित्येकजण आज स्वतः शिकवता. सभागृहाबाहेर संयोजकांनी टेबलावर कोरी वही ठेवली आहे. जाताना तिच्यात नाव, फोन, कुठल्या कामात शिकवता ते, आणि सध्या शिकवताना अडलेली एक गोष्ट लिहून जा. पहिली बैठक येत्या महिन्यात याच इमारतीत, तुम्ही लिहिलेल्या पहिल्या अडचणीवर होईल.